प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती आली, बदलांची नोंद लिहिताय? या चुका टाळा

'जावा १८ पासून डिफॉल्ट कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ आहे.'

हे वाक्य माझं. कॅरॅक्टर सेट म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची त्याचे नियम; डिफॉल्ट म्हणजे कोडमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर जावा ही भाषा जे वापरते ते. ऑफिसात जावा ११ वरून थेट २१ वर जायचं ठरलं, तेव्हा मधल्या सगळ्या बदलांची नोंद करायचं काम माझ्याकडे आलं. बारा पानांच्या त्या नोंदीत सातव्या पानावर ही एक ओळ होती. वाक्यात चूक शोधूनही सापडणार नाही. अपग्रेड झाल्याच्या चौथ्या दिवशी पेठेतल्या एका छापखान्याच्या मालकांचा फोन आला. "अहो, वर्गणीदारांच्या नावांत तीच तीन अक्षरं परत परत येतायत. सगळ्यांचं आडनाव एकच केलंत की काय?"

झालं होतं असं. त्यांची पत्त्यांची फाइल युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच कोडसंचाच्या, आधीच्या जमान्यातली. तेव्हाच्या मराठी फॉण्टांत अक्षरं एकेका बाइटमध्ये साठवत. कोड युरोपीय अक्षराचा असायचा आणि फॉण्ट त्या जागी देवनागरी आकार काढायचा. पुण्यातल्या छापखान्यांत अशा फाइली आजही ढिगाने आहेत. विंडोजवरची जुनी जावा अशी फाइल विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय अक्षरांचा एक-बाइटी सेट) समजून वाचायची आणि तशीच परत लिहायची. आत काय आहे हे तिला कळत नव्हतं, पण बिघडतही काही नव्हतं. १८ पासून तोच फाइलरीडर (जावातलं फाइल वाचायचं साधन) तीच फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचू लागला. १२७ च्या पुढचे जे बाइट त्या नियमात बसत नाहीत, त्यांच्या जागी तो 'अक्षर कळलं नाही' या अर्थाचं एक ठरावीक चिन्ह घालतो. आमचा प्रोग्रॅम फाइल वाचून, मोकळ्या जागा छाटून, परत त्याच नावाने लिहीत होता. ते चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं, आणि जुना फॉण्ट त्या तीन बाइटची तीन अक्षरं काढून दाखवत होता. मूळ बाइट गेले ते गेलेच. ते परत आणणारा कुठलाही कन्व्हर्टर नसतो.

चीड याची, की इलाज मला माहीत होता. ज्या प्रस्तावाने हा बदल आला, तो ४०० क्रमांकाचा प्रस्ताव मी वाचला होता. कोडमध्ये कॅरॅक्टर सेट स्पष्ट लिहा. ते लगेच जमत नसेल तर फाइल.एन्कोडिंग या सेटिंगला 'कॉम्पॅट' द्या, जुनं वागणं परत येतं. आणि अपग्रेडच्या आधी जुन्याच जावावर त्या सेटिंगला यूटीएफ-८ देऊन प्रोग्रॅम चालवून बघा, काय मोडणार ते तिथेच दिसतं. यातलं एक अक्षर मी नोंदीत लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं जावात काय बदललं. छापखान्याचं काय होणार, ते नाही.

तेव्हापासून अशा नोंदी मी लिहितो त्याहून जास्त तपासतो. पुढच्या चुका मी केलेल्या आहेत किंवा दर काही महिन्यांनी कुणाच्या ना कुणाच्या मसुद्यात बघतो.

येणारा कुठून येतोय हे विसरणं

पुण्यातल्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. रोज जाणाऱ्यालाही पहिले काही दिवस तिथे गाडी हळू करून पाट्या वाचाव्या लागत होत्या. बावधनहून येणाऱ्याला किती नवे रॅम्प बांधले याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला कोथरूडला उतरायचं असतं, आणि कालपर्यंत जिथे वळत होता तिथे आज काय आहे एवढंच हवं असतं. मुळशीहून येणाऱ्याचा प्रश्न आणखी वेगळा.

भाषेच्या नव्या आवृत्तीची नोंद मात्र बहुतेक वेळा रॅम्प मोजत बसते. कारण ती लिहायला घेताना समोर कमिटची, म्हणजे कोडमध्ये नोंदलेल्या एकेका बदलाची, यादी असते. 'अमुक वर्गाची अंतर्गत रचना बदलली', 'तमुक फंक्शन दुसऱ्या मॉड्यूलमध्ये हलवलं' अशी वाक्यं त्या यादीतून जशीच्या तशी उतरतात. ती ओळखायची खूण सोपी: वाक्याचा कर्ता भाषा बनवणारा असतो. ते उलटून बघा. 'तुमच्या कोडमध्ये असं असेल, तर आता असं होईल, त्याऐवजी हे लिहा.' या साच्यात जी नोंद बसत नाही तिला परिशिष्टात पाठवलं तरी कुणी रडत नाही.

'बाद' या एका शब्दात दोन गोष्टी कोंबणं

ही खास मराठीत लिहिणाऱ्यांची चूक. इंग्रजी नोंदीत 'डेप्रिकेटेड' आणि 'रिमूव्ह्ड' असे दोन शब्द असतात. आपण दोन्हीला 'बाद' म्हणून मोकळे होतो. पायथन या भाषेतल्या डिस्टयुटिल्सचं, म्हणजे पॅकेज बांधायच्या मॉड्यूलचं, उदाहरण घ्या. ३.१० मध्ये ते डेप्रिकेट झालं, म्हणजे चालत होतं, फक्त इशारा यायचा. ३.१२ मध्ये ते काढून टाकलं. '३.१० मध्ये बाद' असं वाचून एका टीमने त्या आवृत्तीवर जायचंच टाळलं होतं, आणि '३.१२ मध्ये बाद' वाचून दुसऱ्या टीमला वाटलं की अजून वर्ष-दोन वर्षं निघतील. शब्द एक, गैरसमज दोन.

मी आता भाषांतराच्या भानगडीत पडत नाही. 'अजून चालतं, पण इशारा येतो; अमुक आवृत्तीत काढणार आहेत' आणि 'काढलं; इम्पोर्ट केलं तर एरर येईल' अशी दोन पूर्ण वाक्यं लिहितो. काढायची आवृत्ती जाहीर झालेली नसेल तर तसंही लिहितो. कालबाह्य, अप्रचलित, त्याज्य वगैरे शब्द छान आहेत, पण कोड लिहिणारा ते वाचून अडखळतो आणि शेवटी शेजाऱ्याला विचारतो, "अरे, म्हणजे डेप्रिकेटेड ना?"

गप्प बदल तळाशी टाकणं

बदल दोन जातींचे. एक जात ओरडते. पायथन ३.७ मध्ये 'एसिंक' आणि 'अवेट' हे राखीव शब्द झाले, तेव्हा ज्यांनी आपल्या व्हेरिएबलला 'एसिंक' नाव दिलं होतं त्यांचा कोड पहिल्याच क्षणी सिंटॅक्स एरर देऊन थांबला. त्रास होतो, पण पाच मिनिटांत कळतं.

दुसरी जात गप्प असते. प्रोग्रॅम चालतो, उत्तर वेगळं येतं. पायथन २ मध्ये ७ ला २ ने भागलं की ३ यायचे, ३.० पासून, म्हणजे डिसेंबर २००८ पासून, ३.५ येतात. पीएचपी ७ मध्ये शून्य आणि 'पुणे' ही स्ट्रिंग यांची दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केली तर उत्तर 'समान' असं यायचं, कारण 'पुणे'चं आधी शून्य व्हायचं. पीएचपी ८ मध्ये ते समान नाहीत. नवं वागणं शहाणपणाचं आहे यात वाद नाही. पण जुन्या खुळेपणावर उभं असलेलं एखादं फॉर्म-तपासणीचं 'इफ' आता दुसऱ्या फाट्याने जातं, आणि कुठेही लाल अक्षर दिसत नाही.

मसुद्यांत ओरडणारे बदल नेहमी वर असतात, कारण लिहिणाऱ्याला तेच आधी भेटलेले असतात. क्रम उलटा हवा. गप्प बदल पहिल्या पानावर, आणि प्रत्येकाखाली 'हे तुमच्या कोडमध्ये आहे का ते असं शोधा' ही ओळ. भागाकाराचं चिन्ह कुठे कुठे आहे ते शोधायचं, की फाइलरीडर कुठे आहे ते, हे सांगितल्याशिवाय 'सावध राहा' या सल्ल्याला काही अर्थ नाही.

गो या भाषेच्या १.२२ ने फेब्रुवारी २०२४ मध्ये असाच एक गप्प बदल आणला, पण फार समजूतदारपणे. आधी फॉर-लूपचं व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांत एकच असायचं, त्यामुळे आत सुरू केलेल्या गोरुटीन्स (एकाच वेळी चालणारी कामं) बऱ्याचदा शेवटचीच किंमत दाखवत. आता प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं. हे कधी लागू होईल ते मात्र मॉड्यूलच्या गो.मॉड फाइलमधल्या आवृत्तीच्या ओळीवर ठरतं. 'कंपायलर नवा टाकला तरी वागणं जुनंच' अशी तक्रार आली की मी आधी ती ओळ बघायला सांगतो. नोंदीत ही अट लिहिली नसेल, तर अर्धे लोक नोंद खोटी ठरवतात आणि उरलेले कंपायलर परत टाकत बसतात.

लक्षण न लिहिणं

माणूस नोंद वाचायला येतो तो एरर घेऊन. त्याने स्क्रीनवरची ओळ कॉपी केलेली असते आणि तो ती शोधत असतो. आपण लिहितो 'डिस्टयुटिल्स काढले आहे'. त्याच्यापुढे असतं 'मॉड्यूल नॉट फाउंड'. एररची ओळ जशी दिसते तशी, इंग्रजी अक्षरांसकट, एक टिंबही न बदलता नोंदीत टाका. खाली कारण, मग उपाय. डिस्टयुटिल्सच्या बाबतीत सेटअपटूल्स हे पॅकेज टाकलं की तात्पुरतं भागतं, आणि ३.१२ पासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) सेटअपटूल्स आपोआप येत नाही. कालपर्यंत चालणारी बिल्ड स्क्रिप्ट आज अडण्याचं खरं कारण अनेकदा हे दुसरंच असतं.

उपायालाही मुदत असते, तीही लिहा. जावा २० मध्ये अमेरिकन इंग्रजीतल्या वेळेत 'एएम-पीएम'च्या आधीची साधी मोकळी जागा जाऊन एक अरुंद, न तुटणारी मोकळी जागा आली. डोळ्याला फरक दिसत नाही, पण मजकुरातून वेळ वाचणारा कोड अडतो. तेव्हा बऱ्याच जणांनी जुनी लोकेल माहिती (देश-भाषेनुसार तारीख-वेळ लिहायचे नियम) वापरायची सेटिंग लावून वेळ मारून नेली. जावा २३ मध्ये ती जुनी माहितीच काढून टाकली.

एका पायरीचा जिना

प्रत्येक आवृत्तीची नोंद फक्त मागच्या आवृत्तीशी तुलना करते. लोक मात्र पायऱ्या गाळून चढतात. मार्च २०१८ च्या जावा १० पासून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, पण ऑफिसं ८, ११, १७, २१ अशा उड्या मारतात. ८ वरून १७ वर जाणारा फक्त १७ ची नोंद वाचतो आणि एक्सएमएल बाइंडिंगचं पॅकेज कुठे गेलं म्हणून डोकं धरतो. ते ११ मध्येच गेलं. १७ च्या नोंदीत त्याचा उल्लेख असायचं कारण नाही.

टीमसाठी लिहिताना आधी विचारा: आपण आज नक्की कुठे आहोत? सर्व्हरवर एक, लॅपटॉपवर दुसरं, बिल्ड मशीनवर तिसरं, असं उत्तर हमखास येतं. मग मधल्या सगळ्या पायऱ्यांच्या 'काढलं' याद्या एकत्र करून एकच यादी बनवा. कंटाळवाणं काम आहे. माझे त्यात दोन दिवस जातात.

आकड्यांचे घोळ

३.१० म्हणजे ३.१ नव्हे. हे माणसाला कळतं, यामल फाइलला (सेटिंग लिहायच्या फाइलीचा एक प्रकार) कळत नाही: अवतरणचिन्हं नसतील तर ती ३.१० ला दशांश अपूर्णांक समजून शेवटचं शून्य उडवते आणि बिल्ड पायथन ३.१ शोधत बसतो. मजकूर म्हणून क्रम लावला तर ३.१० हे ३.९ च्या आधी येतं. म्हणून नमुन्याच्या फाइलीत आवृत्ती नेहमी अवतरणात.

मराठी नोंदीत आणखी एक: वाक्यात देवनागरी अंक खुशाल वापरा, पण कमांडमध्ये नको. कॉपी करणारा विचार न करता कॉपी करतो. (गंमत म्हणजे पायथनच्या 'इंट'ला देवनागरी ३१० ही स्ट्रिंग दिली तर तो निमूटपणे तीनशे दहा देतो. थेट कोडमध्ये तो अंक लिहिला की मात्र एरर.)

वेगाचे आकडेही अटींसकट द्या. पायथन ३.११ बद्दल अधिकृत नोंदीत १० ते ६० टक्के जास्त वेग आणि त्यांच्या चाचणीसंचावर सरासरी १.२५ पट असं होतं. आमच्याकडच्या मसुद्यात त्याचं '६० टक्के वेगवान' झालं होतं. ज्याचा प्रोग्रॅम सगळा वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसतो, त्याला यातलं काही जाणवणार नाही.

'होतंय' आणि 'होणारच' यांतला फरक पुसणं

पायथन ३.६ मध्ये डिक्शनरी ज्या क्रमाने भरली त्याच क्रमाने बाहेर येऊ लागली. तो त्या इंटरप्रिटरच्या आतल्या बांधणीचा परिणाम होता. भाषेची हमी ३.७ पासून मिळाली. नोंद लिहिणाऱ्याने स्वतः चालवून बघितलं आणि 'क्रम टिकतो' असं लिहिलं, तर त्याने नकळत भाषेच्या वतीने वचन दिलं. चालवून बघायचंच, प्रत्येक उदाहरण जुन्या आणि नव्या दोन्ही आवृत्तींवर. पण 'आम्ही बघितलं तेव्हा असं होतं' आणि 'भाषा असं सांगते' ही वेगळी वाक्यं आहेत.

चूक सापडल्यावर गुपचूप दुरुस्त करणं

माझ्या हाताखाली नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "सर, ती यूटीएफ-८ ची ओळ आपण बदलून टाकू ना? कुणी बघितलं नसेल." बघितलं होतं. तीन टीमनी ती नोंद छापून भिंतीला लावली होती. म्हणून जुनी ओळ तशीच ठेवून खाली तारीख घातली, 'दुरुस्ती' असं लिहिलं, काय सुटलं होतं ते सांगितलं, आणि ज्या टीमनी अपग्रेड करून टाकलं होतं त्यांनी आता काय तपासायचं ते वेगळं दिलं. त्यातल्या एका टीमकडे फाइलरीडर अकरा ठिकाणी सापडला. नऊ ठिकाणी तो फक्त वाचत होता. दोन ठिकाणी परत लिहीत होता.

छापखान्याकडे शनिवारचा बॅकअप होता, त्यामुळे जुने पत्ते परत आले. मधल्या चार दिवसांत नोंदवलेले वर्गणीदार पावतीपुस्तकावरून पुन्हा टाकावे लागले. एका दुपारी त्या मुलीने आणि मी पेठेत बसून ते टाकले. मालक चहा पाजत होते आणि प्रत्येक आडनावाच्या वेळी मागून डोकावून बघत होते.