बंबाचा धूर न्हाणीघरात भरतोय? या चुका टाळा

आमच्या कोकणातल्या घरी सोलर आहे पण पावसाळ्यात तो नुसता शोभेला, म्हणून पाणी तापवायचा तांब्याचा बंब अजून रोज पेटतो. आणि रोज कोणीतरी डोळे चोळत बाहेर येऊन सांगतं की लाकडं ओली आहेत. असतातही, पण दर वेळी खापर लाकडांवर फोडू नका. बंब ओढत नसेल तर आधी बघा की हवा आत कुठून जातेय आणि बाहेर कुठून पडतेय.

गणित साधं आहे, बंबाच्या पाण्यामधून वर जाणारी धुराची नळी तापली की आतली हवा हलकी होऊन वर पळते आणि तिच्या जागी खालून जाळीतून ताजी हवा खेचली जाते. म्हणून जाळीखालची राख आधी काढा, रात्रीच्या राखेवरच सकाळी बंब पेटवणारे माझ्या घरातच दोन आहेत.

पण सगळ्यात मोठी चूक आम्ही केली ती वेगळीच. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघर नवीन केलं, टाइल्स, स्लायडिंग खिडकी, घट्ट बसणारं दार आणि वर एक्झॉस्ट फॅन. जुन्या दाराखाली चार बोटं फट होती, वर नुसती कौलं, हवा न बोलावता यायची. नवीन खोलीत पहिल्याच दिवशी वर्षानुवर्षं गुमान चालणारा बंब धूर ओकायला लागला. एकाला बोलावलं, त्याने पाइप तीन फूट वाढवला, पैसे घेतले, धूर तसाच. मग एक दिवस काकू आंघोळीला गेल्या, गुदमरल्या म्हणून फॅन बंद न करताच खिडकी सताड उघडली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "अरे, गेला की धूर!" झालं काय होतं, फॅन खोलीतली हवा बाहेर फेकत होता आणि आत यायला दुसरी वाटच नव्हती, मग ती बंबाच्या नळीतूनच उलटी खाली येत होती, धुरासकट. आता बंब पेटलेला असताना फॅन लावायचाच नाही आणि खिडकी उघडी, असा घरात कायदा आहे.

तुमच्याकडे असंच होतंय का ते बघायला पेटवायच्या आधी बंबाच्या खालच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक, तुमच्या तोंडावर आला तर नळीत हवा उलटी वाहतेय, मग दार-खिडकी उघडून परत बघा. आणि हे फक्त डोळे चुरचुरण्यापुरतं नाही बरं का, बंद खोलीत नीट न जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही वास नाही, डोकं दुखायला किंवा गरगरायला लागलं तर अंगावरचा साबण तसाच ठेवून आधी बाहेर या.

खिडकी उघडी असूनही पहिली पाच-दहा मिनिटं धूर होत असेल तर नळी गार आहे. बंबात रात्रभराचं थंड पाणी, भोवती पाणी म्हणजे नळीही थंडगार, आणि आपण सुरुवातीलाच जाडजूड ओंडका आत सारतो. त्याऐवजी नारळाचं सुकं सोडण (वरची काथ्याची साल), करवंटी, काटक्या असं भडकन पेटणारं आधी घाला, ज्वाला वर चढली की मग ढलप्या. तोंडापर्यंत ठासून तर कधीच भरू नका, मधून हवा जायला जागा नको का?

आधी चांगला असलेला बंब महिन्या-महिन्याने जास्त धूर करायला लागला तर समजा काजळी. बंबाला काजळी साध्या चुलीच्या धुराड्यापेक्षा लवकर धरते, कारण पाणी उकळलं तरी १०० अंशांच्या पुढे जात नाही, म्हणजे नळीची भिंत धुराच्या मानाने कायम गारच, आणि धुरातला चिकट डांबरासारखा अंश तिथेच बसतो. ४ इंची नळीला आतून सगळीकडून अर्धा इंच काजळी धरली की राहिली ३ इंच, म्हणजे धुराची वाट जवळजवळ निम्मी गेली! मी सुंभाला काथ्याचा बोळा बांधून वरून खाली दोन-चारदा ओढतो, बंब पूर्ण गार असताना, आणि जुना शर्ट घालून.

फक्त वारा सुटल्यावरच धूर येत असेल तर वर चढून पाइपचं टोक बघा. ते कौलांच्या आढ्यापेक्षा खाली असलं की वारा छपरावरून घसरून थेट पाइपात घुसतो. पावसासाठी बसवलेली पत्र्याची टोपी टोकाला चिकटून असेल तरी तेच होतं, मी पाइपच्या व्यासाएवढी फट ठेवतो. आडवे पाइप आणि काटकोनातले बेंड जमतील तेवढे टाळा.

आणि हो, लाकडं. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणीसुद्धा असू शकतं, ते उकळण्यातच बरीच आग खर्ची पडते आणि नळी नीट तापत नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा, सुकी खणकन वाजते, ओली बद्द. आम्ही मे संपायच्या आत पडवी भरून ठेवतो, तरी ऑगस्टात शेजाऱ्यांकडे करवंट्या मागायला जावंच लागतं.