धरणाकाठी सायडर आणि पिझ्झा : निघण्यापूर्वीची तयारी

गंगापूर धरणाच्या जलाशयाकाठी बसून सायडर आणि भट्टीतला पिझ्झा असा बेत ठरला, की तयारीची सुरुवात परतीच्या गाडीपासून करावी. टेबल, मेन्यू, कपडे हे सगळे त्यानंतर. धरणाचा परिसर नाशिक शहरापासून फार लांब नाही, आणि नेमक्या याच कारणाने माणूस परतीचा विचार करत नाही. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही सात जण असेच गेलो होतो. रात्री साडेदहाला मोबाइलवरून टॅक्सी बोलवायला लागलो, तेव्हा एकही गाडी दिसेना. वहिनींच्या खांद्यावर झोपलेले तीन वर्षांचे मूल, अंगावर पातळ कपडे आणि पाण्यावरून येणारा बोचरा वारा, अशा अवस्थेत आम्ही सव्वा तास रस्त्याच्या कडेला उभे होतो. तेव्हापासून जाण्या-येण्याची गाडी ड्रायव्हरसह आधीच ठरवायची, किंवा आपल्यापैकी एकाने त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. तो एक जण कोण, हे घरून निघतानाच ठरलेले असावे, कारण टेबलावर बसल्यावर तो निर्णय कुणालाच घेववत नाही.

कायदाही येथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सायडरच्या बाबतीत हे मुद्दाम सांगावे लागते, कारण ‘सफरचंदाचा रस तर आहे’ असे म्हणून लोक ती सहज पितात. थोडा हिशेब करून पाहावा. ३३० मिलीलिटरच्या बाटलीत पाच टक्के मद्यार्क असेल, तर बाटलीत साडेसोळा मिलीलिटर शुद्ध मद्यार्क भरतो. व्हिस्कीच्या ३० मिलीलिटरच्या पेगमध्ये तो तेरा मिलीलिटरच्याही किंचित खाली असतो. म्हणजे एक बाटली सायडर ही एका छोट्या पेगपेक्षा जास्तच झाली, आणि गार व गोडसर असल्यामुळे दुसरी बाटली कधी उघडली गेली हे कळतही नाही.

सायडर म्हणजे काय, हे बरोबरच्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे, कारण घरात ‘अ‍ॅपल सायडर’ हा शब्द व्हिनेगरच्या बाटलीवरून ओळखीचा झालेला असतो. सफरचंदाच्या रसातील साखरेचे यीस्टमुळे मद्यार्कात रूपांतर झाले की सायडर होते, आणि तीच पुढे हवेतील जिवाणूंच्या तावडीत सापडली की तिचे व्हिनेगर होते. अमेरिकेत मात्र न आंबवलेल्या, गढूळ रसालाही सायडरच म्हणतात, त्यामुळे परदेशातून आलेल्या नातेवाइकांशी बोलताना घोळ होतो. इंग्लंडात सॉमरसेट आणि हेरिफर्डशर हे सायडरचे जुने प्रांत. तेथे खास सायडरसाठी लावलेली सफरचंदे इतकी तुरट असतात, की ती नुसती खाववत नाहीत, पण त्याच तुरटपणामुळे पेयाला अंग येते. नाशिक हा द्राक्षांचा जिल्हा असल्याने येथे वाइन सर्वत्र मिळते, सायडर मात्र प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही. म्हणून टेबल राखून ठेवण्यासाठी फोन कराल, तेव्हाच ती आहे का, गोड आहे की कोरडी, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली, आणि किती टक्क्यांची आहे हे विचारून घ्यावे. पिझ्झाबरोबर मला कोरडी किंवा मध्यम गोड सायडर आवडते; चीजचा तेलकटपणा तिच्या आंबटपणाने जिभेवरून निघून जातो, आणि गोड सायडर असली की दुसऱ्या तुकड्यापाशीच तोंड मिटते.

याच फोनमध्ये तो दिवस ‘ड्राय डे’ नाही ना, याचीही खात्री करावी. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तर सर्वांना ठाऊक असतात, पण आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी विसरल्या जातात, आणि निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तासही मद्यविक्री बंद असते. वयाची मर्यादा महाराष्ट्रात वाइन आणि बिअरसाठी २१, तर हार्ड लिकरसाठी २५ आहे, म्हणून बरोबरच्या तरुण मंडळींनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा. मद्यप्राशनाचा परवाना लागतो, ही गोष्ट आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो, आणि ज्यांचे असे जाणे वरचेवर होते त्यांनी तो एकदा काढून घ्यावा हे बरे.

वेळ निवडताना सूर्यास्त डोळ्यांसमोर ठेवावा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. त्याआधी तासभर जागेवर असलो, तर पाण्याचा रंग बदलताना नीट पाहता येतो. जानेवारी ते मार्च हा द्राक्षतोडणीचा काळ असल्याने वाइनरींच्या परिसरात शनिवार-रविवारी गर्दी उसळते, रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि टेबल मिळता मिळत नाही. मधल्या वारी, दुपारी चारला गेलेले मला केव्हाही चांगले वाटते. हिवाळ्यात स्वेटर किंवा शाल प्रत्येकाची वेगळी घ्यावी, एकाच शालीवर तिघांची भिस्त ठेवू नये. नाशिकची थंडी दहा अंशांखाली उतरते आणि पाण्याकाठी ती आणखी झोंबते. डासांसाठी मलम, लहान मुलांसाठी कानटोपी आणि पायांत सपाट तळाचे बूट असावेत. गोड सायडरच्या ग्लासवर मधमाश्या येऊन बसतात, म्हणून मुलांचा सरबताचा ग्लास झाकून ठेवायला एखादी बशी मागून घ्यावी.

आता पिझ्झा. इटलीतल्या नापोली शहराच्या पद्धतीच्या भट्टीचे तापमान ४३० ते ४८५ अंश सेल्सिअस असते आणि त्यात पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. तेथील पिझ्झा करणाऱ्यांच्या या कलेचा समावेश युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. असा पिझ्झा पानात आला की आधी त्याची कड उचलून खालची बाजू पाहावी. आपल्या भाकरीला तव्यावर येतात तसे करपट ठिपके तेथे विखुरलेले दिसले, आणि कड हाताला हलकी, आतून जाळीदार लागली, तर भट्टी नीट तापलेली होती असे समजावे. पाण्याकाठच्या वाऱ्यात तो पाच-सात मिनिटांत गार पडून चिवट होतो. म्हणून दहा जणांसाठी पाच पिझ्झे एकदम मागवू नयेत. दोन मागवावेत, सर्वांनी गरम असतानाच वाटून खावेत, मग पुढचे दोन सांगावेत.

खाण्यातील पथ्ये टेबल राखतानाच सांगावीत. जैन मंडळी बरोबर असतील, तर नुसते ‘कांदा नको’ म्हणून भागत नाही, कारण टोमॅटोचा सॉस बहुधा लसूण घालून आधीच शिजवून ठेवलेला असतो. कडक शाकाहारी माणसांनी पार्मेझान चीजबद्दल अवश्य विचारावे. अस्सल इटालियन पार्मेझान वासराच्या जठरातील रेनेट वापरून घट्ट केले जाते, आणि ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सायडर साधारणपणे गव्हापासून मुक्त असते, पण पिझ्झा अर्थातच नसतो. मधुमेह असलेल्यांनी गोड सायडर टाळावी, आणि ज्यांची रोजची औषधे चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेच मद्य घेऊ नये. घरातून निघताना दोन घास खाऊन निघावे, रिकाम्या पोटी पहिला ग्लास हातात घेऊ नये. जे घेणार नाहीत त्यांच्यासाठी द्राक्षाचा रस किंवा लिंबू सरबत मिळते का, हेही विचारून ठेवावे. आईवडिलांसमोर केवळ पाण्याचा पेला ठेवून आपण ग्लास भिडवावेत, हे मला बरे वाटत नाही.

पाण्याबद्दल मात्र मी थोडे अधिक बोलणार आहे. हा जलाशय म्हणजे केवळ देखावा नव्हे. गोदावरीवरच्या या मातीच्या धरणातूनच नाशिकच्या नळांना पाणी येते. काठावर फोडलेली बाटली, वाऱ्याने उडालेला कागदी रुमाल, सॉसची पुडी, हे सगळे आपण उद्या सकाळी ज्या हंड्यात पाणी भरणार त्याच पाण्यात जाते. म्हणून एक कापडी पिशवी कचऱ्यासाठी घ्यावी आणि ती भरलेली परत आणावी. पाण्यात उतरण्याचा मोह कितीही झाला, तरी उतरू नये. काठाची माती निसरडी असते, खोली एकाएकी वाढते, आणि मद्य घेतलेल्या माणसाला त्याचा अंदाज येत नाही. पावसाळ्यात विसर्ग सुरू झाला की पंचवटीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अंगापर्यंत पाणी चढले यावरून नाशिककर पूर मोजतात. अशा दिवसांत धरणाकाठचा बेत सरळ पुढे ढकलावा. मुले बरोबर असतील, तर त्यांच्यावर लक्ष ठेवणारे माणूस नेमून द्यावे, आणि ते माणूसही न पिणारेच असावे.

शेजारच्या द्राक्षबागेत फोटोसाठी शिरायचे असेल, तर विचारून शिरावे आणि घड तोडू नये. फवारणीनंतर किती दिवस फळ तोंडात घालायचे नाही, याचा हिशेब बागायतदाराकडे असतो, आपल्याकडे नसतो, आणि एका घडामागे ऑक्टोबरच्या छाटणीपासूनचे त्याचे कष्ट असतात.

शेवटचा पिझ्झा सांगाल, त्याच वेळी ड्रायव्हरला फोन करावा. बिल येईपर्यंत गाडी फाटकापाशी उभी राहते, शाली, टोप्या आणि कचऱ्याची पिशवी मोजून घ्यायला अवधी मिळतो, आणि झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन कुणालाही रस्त्यावर ताटकळावे लागत नाही.