‘मले काई छंद नाई, सर’: आवडीनिवडी इंग्रजीत बोलायला कसं शिकवावं

‘व्हॉट इज युअर हॉबी?’ असं सहावीच्या वर्गात विचारून पाहा. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या गावात अर्धा वर्ग खाली मान घालतो आणि उरलेला ‘माय हॉबी इज क्रिकेट’ म्हणून मोकळा होतो. एकानं तर सरळच सांगितलं, ‘मले काई छंद नाई, सर.’ हा पोरगा रोज संध्याकाळी भजनात खंजिरी वाजवतो! चूक माझी होती. मी फळ्यावर पोस्टाची तिकिटं जमवणं, बागकाम असली यादी लिहिली होती. ज्या घरी पत्रच येत नाही तिथं तिकिटं कुठून जमणार?

म्हणून पहिल्या दिवशी ‘हॉबी’ हा शब्दच काढू नका. त्यांच्याच बोलीत विचारा, शाळा सुटल्यावर काय करता? मग फळा पुरत नाही. विटीदांडू, कबड्डी, नाल्यावर मासे धरणं, बोरं वेचणं, भुलाबाईची गाणी, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सजवणं, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत पाहायला जाणं. खंजिरी तर येतेच. खंजिरीवर भजनं म्हणणाऱ्या तुकडोजी महाराजांची मोझरी इथून लांब नाही. खंजिरी, भुलाबाई, शंकरपट या शब्दांचं भाषांतर करत बसू नका, इंग्रजी वाक्यातही ते तसेच चालतात.

एखादी मुलगी ‘कापूस वेचणं’ सांगेल. दिवाळीच्या सुमारास वर्ग अर्धा रिकामा का असतो ते आपल्याला ठाऊक आहे. ते आवडीच्या रकान्यात लिहू नका, तिला ‘आणि कापूस नसतो तेव्हा?’ एवढंच विचारा. बैलगाडी हाकणं मात्र एखाद्याला खरंच आवडतं, ते लिहा.

आता व्याकरण. मूल म्हणतं, ‘मले पवाले आवडते.’ त्यावरून इंग्रजी करताना ‘आय लाइक स्विम’ होतं. आधी मराठीतच वाक्य बदलून घ्या: ‘मला पोहणं आवडतं.’ हे ‘-णं’ इंग्रजीत ‘-इंग’ होऊन येतं. पोहणं म्हणजे स्विमिंग, नाचणं म्हणजे डान्सिंग. दहा-बारा जोड्या तोंडी घ्या, मग ‘आय लाइक’ पुढे लावा. इथं एक खोड उरते. ‘इंग’ ऐकलं की काहींना ‘ॲम’ घालावासा वाटतो. ‘आय ॲम स्विमिंग’ म्हणणाऱ्याला बाकावर पालथं पाडून हातपाय मारायला लावा: तू आत्ता पाण्यात आहेस! वर्ग खिदळतो आणि फरक डोक्यात बसतो.

दुसरा गुंता क्रियापदांचा. आपण कबड्डी खेळतो आणि खंजिरी वाजवतो. इंग्रजीत दोन्हीला ‘प्ले’. पण खेळाआधी काही नाही, वाद्याआधी ‘द’ येतो: ‘आय प्ले कबड्डी’, ‘आय प्ले द खंजिरी’. पोहायला, मासे धरायला जायचं तर ‘गो स्विमिंग’, ‘गो फिशिंग’. मध्ये ‘टू’ नको. आणि कधी करतो ते वाक्याच्या शेवटी: ‘आय प्ले कबड्डी आफ्टर स्कूल.’

मग बोलणं. उभं करून एकेकाला विचारलं की पोरं गप्प होतात. त्यापेक्षा व्हरांड्यात समोरासमोर दोन रांगा करा. प्रत्येक जोडीला दोन मिनिटं, टाळी वाजली की एक रांग एक घर सरकते. प्रश्न तीनच: ‘व्हॉट डू यू लाइक डूइंग?’, ‘हू डू यू गो विथ?’, ‘व्हाय डू यू लाइक इट?’ तिसऱ्यावर अडतात, तेव्हा ‘बिकॉज’ पुढचं मराठीत बोलू द्या. एकच वाक्य सहा जणांना सांगून झालं की सहाव्या वेळी आवाज आपोआप मोठा येतो.

रांगा चालू असताना चुका दुरुस्त करू नका. वहीत टिपा, शेवटच्या पाच मिनिटांत त्यातल्या दोनच फळ्यावर घ्या, नाव न घेता. आणि तयार राहा. रांग संपता संपता कुणीतरी तुम्हालाच विचारतं, ‘सर, व्हॉट डू यू लाइक डूइंग?’ मी पहिल्यांदा ‘रीडिंग’ म्हणालो. खंजिरीवाल्यानं लगेच तिसरा प्रश्न टाकला, ‘व्हाय?’