पाइन उघडलं की आधी खाली बघा

हे टिपण नव्वदच्या दशकातलं, अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत नव्याने आलेल्या मराठी मुलांसाठी, त्यामुळे इथलं 'आता' म्हणजे तेव्हाचं; तेव्हाचे फोनचे दर, पत्ते आणि मशीन आज राहिलेले नाहीत. पाइन म्हणजे तेव्हा युनिक्स नावाच्या सिस्टिमवर मेल वाचायचा-लिहायचा प्रोग्राम.

आयडी कार्ड काढायला जाल त्याच दिवशी कॉम्प्युटर सेंटरच्या खिडकीवर एक चिठ्ठी मिळेल, तुमचं लॉगिन आणि तात्पुरता पासवर्ड छापलेली. ती सांभाळा. दर ऑगस्टमध्ये नवीन बॅचमधला कोणीतरी एकजण ती जीन्सच्या खिशात ठेवून लाँड्रीत टाकतोच, मग परत खिडकी, परत लाइन, आणि सेमिस्टर सुरू व्हायच्या आठवड्यात ती लाइन म्हणजे मंगळवारचा सिद्धिविनायक.

लॉगिन आठच अक्षरांचं असतं, युनिक्सची सवय. कुलकर्णी इंग्रजीत बरोब्बर आठात बसतात, देशपांडेंचा शेवटचा ई गळतो, आणि सहस्रबुद्धेंचं काय होतं ते विचारू नका. जे काही तुटकं नाव मिळेल तोच पुढची चार-पाच वर्षं तुमचा पत्ता, त्यावरून खिडकीतल्या बाईंशी वाद घालू नका, पाठ करून टाका. पासवर्ड मात्र त्याच दिवशी बदला. लॉगिन केल्यावर पर्सेंटचं चिन्ह दिसलं, म्हणजे मशीन कमांडची वाट बघतंय, की पासडब्ल्यूडी असं टाइप करायचं आणि विचारेल तसं देत जायचं. इथेही मशीन पहिली आठच अक्षरं बघतं, त्यामुळे महाराष्ट्र लिहून पुढे जन्मसाल जोडलंत तर ते साल फुकट, मशीन 'महाराश'पर्यंत येऊनच समाधानी असतं.

आता हे सगळं एवढं कशाला, तर इथे डिपार्टमेंटमध्ये कोणी कोणाला निरोप सांगत नाही. टीएशिप, म्हणजे कोर्स शिकवायला प्रोफेसरांना मदत करायची नोकरी, कुठल्या कोर्सला लागली, ऑफिस अवर्स बदलले, होमवर्कमधल्या तिसऱ्या प्रश्नात चूक होती, सगळं मेलवर. आपल्याकडे कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर चक्कर मारायचो ना, तसं सकाळ-संध्याकाळ लॅबमध्ये जाऊन मेल बघायची. आणि "सर, मेल बघितलीच नाही" ही थाप मारायची नाही, कारण फिंगर नावाची एक कमांड आहे, तुमचं लॉगिन देऊन ती चालवली की तुम्ही शेवटचं लॉगिन कधी केलं आणि नवीन मेल कधीपासून न वाचता पडून आहे ते बऱ्याच मशीनवर सरळ दिसतं. माझ्या गाइडना ही कमांड येते. मला हे दुसऱ्या आठवड्यात कळलं, कसं ते सोडा.

तर पर्सेंटच्या चिन्हासमोर पाइन टाइप करा, इंग्रजी छोट्या लिपीत, कारण युनिक्स कॅपिटल आणि छोटी अक्षरं वेगवेगळी धरतं. हा प्रोग्राम सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये लिहिला गेला, तिथल्या ऑफिसात काम करणाऱ्यांना युनिक्स न शिकता मेल वापरता यावी म्हणून. त्यामुळे जुने पीएचडीवाले आपल्याला हसतात, त्यांचा एल्म हा दुसरा मेल प्रोग्राम असतो नाहीतर इमॅक्स या एडिटरमधूनच सगळा संसार. हसू द्या. मी चार वर्षं पाइनवर आहे आणि माझं काही अडलेलं नाही. चालू करताना टर्मिनल कुठलं असं विचारलं तर व्हीटी१०० सांगा. आणि बॅकस्पेस मारल्यावर अक्षर न खोडता टोपीसारखं चिन्ह (^) आणि एच उमटायला लागलं तर कीबोर्ड बिघडलेला नाही, डिलीटचं बटण वापरून बघा, तेही नाही चाललं तर लॅबमधल्या कन्सल्टंटला विचारा, एका ओळीचा उपाय आहे, तो रोज दहा जणांना सांगतो.

पाइनचा स्क्रीन उघडला की सगळ्यांचे डोळे वर मेनूकडे जातात. तुम्ही खाली बघायचं. सगळ्यात खालच्या दोन ओळींत कुठलं अक्षर दाबलं की काय होतं ते लिहिलेलं असतं, आणि अक्षराआधी टोपी असेल तर कंट्रोल धरून ते अक्षर. पाठ काही करायचं नाही. त्या दोन ओळींच्या जरा वर एक ओळ आहे, पाइनला काही विचारायचं असेल तर ते तिथे विचारतं, येस की नो. आपले लोक मरतात ते या ओळीपाशी. प्रश्न न वाचता वाय दाबायची सवय लागते आणि मी आजवर पाइनमध्ये जे काही घालवलंय ते सगळं स्वतःच्या हाताने वाय दाबून घालवलंय.

उदाहरण सांगतो. एखादी मेल नको असेल तर डी दाबायचं, तिच्यासमोर डी येतो. ती गेलेली नसते, नुसती खूण असते, यू दाबलं की परत जशीच्या तशी. पण क्यू दाबून बाहेर पडताना पाइन विचारतं, खुणा केलेल्या इतक्या मेल एक्सपंज करू का, म्हणजे कायमच्या पुसू का. तिथे वाय म्हटलंत की खरंच गेल्या, मग कोणी देव आला तरी परत येत नाहीत. पहिल्या सेमिस्टरला मी यादीत एक ओळ खाली-वर झालो आणि आईच्या पहिल्या मेलवर डी मारला. आकडा बघितला, सात, बरोबर वाटला, वाय. जी जायला हवी होती ती सेलची जाहिरात राहिली. तेव्हापासून मी जपून ठेवायची मेल आली की लगेच एस दाबून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो, माझ्या एका फोल्डरचं नावच घर आहे.

दुसरा प्रश्न दर महिन्याच्या सुरुवातीला. तुम्ही पाठवलेल्या मेलची कॉपी सेंट-मेल नावाच्या फोल्डरमध्ये साठत असते, ती मागच्या महिन्याच्या नावाने बाजूला ठेवू का असं विचारतं. त्याला वाय, खुशाल. मग लगेच त्याहून जुन्या महिन्यांचे फोल्डर उडवू का असं विचारतं. त्याला एन. निदान घरमालकाशी डिपॉझिटवरून काय बोलणं झालं होतं ते हाताशी असेपर्यंत तरी एन. कोटा, म्हणजे मशीनवर तुम्हाला दिलेली जागा, भरत आला तर मात्र काहीतरी उडवावंच लागेल, कारण कोटा फुल झाला की नवीन काही सेव्ह होत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात डेंजर. आर दाबून उत्तर द्यायला घेतलं आणि मूळ मेल बऱ्याच जणांना गेलेली असेल तर विचारतं, सगळ्यांना उत्तर द्यायचं का. मी पहिल्या वर्षी एका ग्रेडिंगच्या मेलला माझ्या एका मित्राला म्हणून रोमन लिपीतल्या मराठीत उत्तर दिलं, प्रोफेसरांबद्दल दोन ओळी होत्या, आणि हाताने वाय दाबलं. अख्ख्या कोर्सच्या टीएंना गेली. प्रोफेसर अमेरिकन, त्यांना अर्थ कळायचं काही कारण नव्हतं, पण कॉपीत एक नागपूरकर बाई होत्या. त्यांनी एवढंच लिहून पाठवलं की शब्द जरा जुना आहे, हल्ली नागपुरात असं म्हणत नाहीत.

लिहायला सी. टू मध्ये पत्ता, सब्जेक्ट, मग खाली मजकूर, आणि झालं की कंट्रोल एक्स. अर्धवट राहिलं तर कंट्रोल ओ दाबून बाजूला ठेवा, पुढच्या वेळी सी दाबल्यावर तेच पुढे चालू करायचं का विचारतं. कंट्रोल सी म्हणजे सगळं रद्द, तिथेही एकदा विचारतं, वाचा. दोन गोष्टी आपल्या लोकांना खास त्रास देतात. एक कंट्रोल टी, स्पेलिंग तपासायचं. रोमन मराठीत लिहिलेल्या पत्रावर ते चालवलंत तर 'आहे'वर थांबेल, 'नाही'वर थांबेल, 'कसं काय'वर दोनदा थांबेल, कंट्रोल सी मारून सुटका करून घ्या. दुसरं कंट्रोल जे. मजकुरात असताना ते दाबलं की परिच्छेदाच्या ओळी नीट जुळवून देतं, चांगली सोय आहे, पण मी रूममेटला आमटीची कृती पाठवत होतो, एका ओळीत एक वस्तू असं लिहिलेलं, चुकून कंट्रोल जे लागलं आणि तूरडाळ हिंग गूळ आमसूल गोडा मसाला सगळं एका दमात एका ओळीत. असं झालं तर दुसरं काही न दाबता लगेच कंट्रोल यू दाबा, होतं तसं होतं. आणि हेच कंट्रोल जे वर पत्त्याच्या भागात असताना दाबलं तर अटॅचमेंट जोडायचं. एकच बटण, कर्सर कुठे आहे त्यावर काम वेगळं, म्हणून परत तेच, खाली बघा.

आता घरच्या मेलचं, कारण खरं तर तुम्ही त्यासाठीच वाचताय. फोन मिनिटाला डॉलरच्या आसपास पडतो आणि पंधरा मिनिटांतली पाच "हॅलो, ऐकू येतंय का" यात जातात. भारतात व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सगळ्यांसाठी खुलं केलं त्यामुळे आता निदान मुंबई-पुण्यात कोणाकडे तरी कनेक्शन असतं, त्याआधी आयआयटीत किंवा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत कोणी ओळखीचं असेल तरच. व्हीएसएनएलच्या शेल अकाउंटवर, म्हणजे चित्रांशिवाय नुसत्या अक्षरांच्या कनेक्शनवर, तिकडेही काळा स्क्रीन आणि बहुतेक पाइनच असतं, तेव्हा काही अडलं तर भाऊ तिकडून तुम्हाला शिकवेल. पत्ता नीट घ्या. मुंबईच्या पत्त्यात गियासबीएम, पुण्याच्या पत्त्यात गियासपीएन, आणि पुढे शून्य आणि एक, ओ आणि एल नव्हे. चुकलात तर मेलर डीमन नावाने एक लांबलचक इंग्रजी पत्र येईल. तो कोणी माणूस नाही, त्याला उत्तर लिहू नका, आमच्या बॅचच्या एकाने दोनदा सॉरी लिहिलं होतं. त्यात होस्ट अननोन असेल तर ॲटच्या पुढचं चुकलंय, युजर अननोन असेल तर अलीकडचं. एकदा बरोबर मेल आली की तिच्यावर टी दाबून पत्ता ॲड्रेस बुकात घ्या, टोपणनाव आई ठेवा, मग टू मध्ये रोमनमध्ये आई एवढंच टाइप केलं की बाकीचं पाइन भरतं.

पण ते अकाउंट आईचं नसतं हे विसरू नका. आमच्याकडे डोंबिवलीला मेल यायची ती आत्येभावाच्या ऑफिसात, तो जेवणाच्या सुट्टीत प्रिंट काढायचा, संध्याकाळी लोकलने घरी जाताना आमच्याकडे द्यायचा, आणि बाबा ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे, शेजारचे काका असले तर त्यांच्यासमोरही. रोमन मराठी वाचताना बाबा अडायचे, म्हणून आत्येभाऊ कधीकधी पेनने वर देवनागरी लिहून द्यायचा. तेव्हा पत्र लिहिताना आधी हे डोळ्यासमोर आणा की ते तीन माणसांच्या हातून जाणार आहे. तब्येत, ग्रेड, पैसे, कोणी आवडतंय वगैरे जे फक्त आईला सांगायचंय ते टपालाच्या निळ्या एरोग्रामवर, दहा-बारा दिवस लागले तरी. सब्जेक्टमध्ये कोणासाठी आहे ते नाव लिहा म्हणजे ज्याचं अकाउंट आहे तो न वाचता प्रिंट करेल, किंवा निदान वाचून न वाचल्यासारखं करेल. ओळी लहान ठेवा. आणि फोटो पाठवू नका. मेलमधून जाताना फाइल एक तृतीयांशाने फुगते, तीनशे केबीचा फोटो चारशेचा होतो, तिकडे सेकंदाला ९६०० बिटच्या मोडेमवर (फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडायचा डबा) तो उतरवायला सात मिनिटं, फोनचं मीटर चालू, आणि मधेच लाइन कटली की पहिल्यापासून.

घरून मोडेम लावणार असाल तर डायल करायच्या नंबराआधी स्टार सत्तर लावा, नाहीतर कॉल वेटिंगच्या बीपने कनेक्शन तुटतं. रूममेटने दुसऱ्या खोलीतला फोन उचलला तरी तुटतं, त्यावर उपाय नाही, दारावर चिठ्ठी लावून बघितली. लिहिता लिहिता तुटलं तर रडू नका, परत लॉगिन करून सी दाबा, अर्धवट राहिलेलं पुढे चालू करायचं का असं बहुतेक वेळा विचारतं. फक्त लॅबमध्ये पाइन उघडं टाकून घरी येऊन परत उघडलंत तर लॅबमधलं रीड-ओन्ली होतं, म्हणजे नुसतं वाचता येतं, तिथे उद्या जाऊन कितीही डी मारले तरी काही होत नाही.

लॅबमधून उठताना पाइनमधून क्यू आणि मग लॉगआउट, दोन्ही. नुसता मॉनिटर बंद केला म्हणजे लॉगआउट नव्हे, हे एका नवीन मुलाला तेव्हा कळलं जेव्हा त्याच्या नावाने अख्ख्या डिपार्टमेंटला शुक्रवारी पिझ्झ्याचं आमंत्रण गेलं. अकरा जण आले. खर्च आम्ही वाटून घेतला.

आज रात्री नऊ वाजता लॅब रिकामी असते. आधी एक मेल स्वतःलाच पाठवा, यादीत तिच्यासमोर अधिकचं चिन्ह दिसेल, म्हणजे ती थेट तुमच्याच नावाने आलेली. मग घरची. तिकडे तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले असतात, आत्येभाऊ अजून स्टेशनवर पोचलेला नसतो.