विंडोजमधल्या नको असलेल्या भाषा काढताय? या चुका टाळा

अडत दुकान असो की सेतू केंद्र, घड्याळाशेजारच्या कीबोर्ड यादीत मराठी, हिंदी आणि इंग्रजीचे दोन प्रकार हमखास असतात. बहुतेकांना नकोसा असतो तो जास्तीचा कीबोर्ड, पण काढली जाते अख्खी भाषा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन असं जा. भाषेसमोरच्या तीन ठिपक्यांतून लँग्वेज ऑप्शन्स उघडा. तिथून एकटा कीबोर्ड काढता येतो.

सगळ्यात महागात पडते ती इंग्लिश (इंडिया) काढून इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) ठेवण्याची चूक. त्यानंतर लँग्वेज अँड रीजन पानावरचा रीजनल फॉरमॅट, म्हणजे तारखा आणि आकडे दाखवायची पद्धत, तपासलाच पाहिजे. तो अमेरिकी झाला असेल तर रावेरच्या केळीच्या हिशेबात १,२५,००० चे १२५,००० दिसतात. ते चालवून घेता येईल, तारखांचं मात्र नाही. एक्सेलमध्ये ०५-०४-२०२५ टाकलं की ५ एप्रिलऐवजी ४ मे नोंदली जाते, आणि १८-०४-२०२५ ही तारीख न राहता नुसता मजकूर होते. ओळखायची खूण सोपी: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात. फॉरमॅट परत इंग्लिश (इंडिया) केला तरी चुकून मे झालेल्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत. मूळ पावत्या काढून त्या पुन्हा भराव्या लागतात.

जागा वाचवायला ऑप्शनल फीचर्समधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ उडवू नका. मंगल, कोकिळा, अपराजिता त्यातच येतात. ते गेले की अक्षरं दिसतात, पण दुसऱ्या फॉन्टमध्ये. ओळी सरकतात, एका पानाचा अर्ज दोन पानांवर जातो. मजकूर युनिकोडमध्ये असल्यामुळे शाबूत राहतो, एवढंच समाधान.

अहिराणी लिहिताना वर्डमध्ये लाल रेघा येतात म्हणून मराठी काढणं तर निव्वळ आततायीपणा. मजकूर निवडून रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज इथे तपासणी बंद करा.

विंडोजच्या सिस्टिम३२ मधलं एन-यूएस (en-US) हे इंग्रजी भाषेच्या फाइल्सचं फोल्डर हाताने कधीच पुसू नका. पुसलं असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून sfc /scannow ही कमांड चालवा.

रिमूव्ह बटण फिकट दिसत असेल तर ती भाषा बहुधा डिस्प्ले लँग्वेज, म्हणजे विंडोजचे मेनू ज्या भाषेत दिसतात ती, आहे. आधी दुसरी निवडून साइन आउट करा. आणि काढलेला कीबोर्ड यादीत भुतासारखा परत येत असेल, तर ती भाषा पुन्हा जोडा, मग काढा.