युरोपातील रेल्वेप्रवासाचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा

आपल्याकडे पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या साध्या एक्स्प्रेसचे शयनयान तिकीट साठ दिवस आधी काढले काय किंवा आठवडाभर आधी काढले काय, भाडे तेच राहते. चिंता असते ती जागा मिळण्याची. युरोपातील लांब पल्ल्याच्या गाड्यांचे गणित नेमके उलटे आहे. तिथे जागा बहुधा मिळते, पण भाडे विमानाच्या तिकिटासारखे मागणीनुसार वाढत जाते. फ्रान्सची टीजीव्ही, जर्मनीची आयसीई, इटली आणि स्पेनमधील वेगवान गाड्या या सगळ्यांना हा नियम लागू आहे. त्यामुळे सहलीचा आराखडा कागदावर उतरवल्यावर सर्वप्रथम या लांबच्या टप्प्यांची तिकिटे कधी विक्रीला येतात ते पाहावे आणि ती लवकरात लवकर घ्यावीत. याउलट नेदरलँड्स आणि बेल्जियममधील देशांतर्गत गाड्या, तसेच इटलीतील प्रादेशिक गाड्या यांचे भाडे साधारणपणे ठरलेले असते. फ्लोरेन्सहून पिसाला जायचे तिकीट दोन महिने आधी घेऊन एक युरोही वाचत नाही, म्हणून त्यासाठी जीव टांगणीला लावू नये.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्या कुटुंबांपुढे एक खरी अडचण उभी राहते. व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट घ्यावेसे वाटत नाही, आणि व्हिसा येईपर्यंत स्वस्त तिकिटे संपत आलेली असतात. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा एप्रिलची वाट न पाहता जानेवारी-फेब्रुवारीतच अर्ज करावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यापूर्वी तिकीट घ्यायचेच असेल तर अटी नीट वाचाव्यात. जर्मन रेल्वेचे सर्वांत स्वस्त ‘सुपर श्पारप्राइस’ तिकीट रद्द करता येत नाही. त्याहून थोडे महाग ‘श्पारप्राइस’ तिकीट प्रवासाच्या दिवसापूर्वी काही रक्कम कापून रद्द करता येते. व्हिसा मिळण्याआधी दुसरे आणि मिळाल्यानंतर पहिले, अशी विभागणी केल्यास जोखीमही कमी राहते आणि पैसेही वाचतात.

स्वस्त तिकीट बहुतेक वेळा त्याच गाडीपुरते असते. मुंबईहून निघालेले विमान उशिरा उतरले आणि ती गाडी चुकली, तर तिकीट वाया जाते. म्हणून पोहोचण्याच्या दिवशी बांधील तिकीट घेऊ नये. पहिली रात्र उतरण्याच्या शहरातच काढावी किंवा त्या टप्प्यासाठी कोणत्याही गाडीला चालणारे तिकीट घ्यावे. रेल्वेमुळेच उशीर झाला तर मात्र आपला हक्क मागावा. युरोपीय संघाच्या नियमांनुसार एक ते दोन तास उशीर झाल्यास भाड्याच्या किमान 25 टक्के आणि दोन तास किंवा अधिक झाल्यास 50 टक्के भरपाई मिळू शकते. काही अपवाद असले, तरी अर्ज करण्यास कष्ट पडत नाहीत.

आता पासविषयी, म्हणजे ठरावीक दिवस हवे तितके फिरू देणाऱ्या एकाच तिकिटाविषयी. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी असलेला युरेल पास 33 देशांत चालतो आणि ‘पास घेतला की स्वस्त’ अशी समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. ती सरसकट खरी नाही. पास असला तरी टीजीव्ही, लंडनला पॅरिस-ब्रसेल्सशी जोडणारी युरोस्टार आणि इटली-स्पेनच्या वेगवान गाड्यांत आरक्षणाचे वेगळे पैसे द्यावे लागतात, आणि काही गाड्यांत पासधारकांसाठी जागाही मर्यादित असतात. त्यामुळे पॅरिस, मिलान, फ्लोरेन्स, रोम अशा चार उड्या मारायच्या असतील तर आधी काढलेली सुटी तिकिटेच बहुधा परवडतात. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड मिळून दहा-बारा दिवस मनाला येईल तसे फिरायचे असेल तर पासला अर्थ आहे, कारण तिथल्या बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचे नाही. 4 ते 11 वर्षांची दोन मुले एका प्रौढाच्या पासवर मोफत जातात, पण त्यांचे मोफत पास आपला पास घेतानाच मागून घ्यावे लागतात. निर्णयापूर्वी प्रत्येक टप्प्याचे सुट्या तिकिटाचे भाडे लिहून बेरीज करावी आणि दुसऱ्या बाजूला पास अधिक आरक्षण मांडावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे.

स्वित्झर्लंडचा विचार वेगळा करावा लागतो, कारण सहलीतील सर्वांत जास्त पैसे तिथेच खर्च होतात. परदेशी पर्यटकांसाठीचे स्विस हाफ फेअर कार्ड एक महिना चालते आणि गाड्या, बस, बोटी व बहुतेक पर्वतीय रेल्वे यांचे भाडे त्यावर निम्मे होते. आल्प्समधल्या युंगफ्राउयोख या उंच बर्फाळ ठिकाणी रेल्वेने जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे: काही दिवस देशभर फिरू देणाऱ्या महागड्या स्विस ट्रॅव्हल पासवर वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन गावांच्या पुढे फक्त 25 टक्के सूट मिळते, तर हाफ फेअर कार्डावर 50 टक्के. त्याच्या जोडीला ‘सेव्हर डे पास’ हा एका दिवसाचा पास आधी घेतला तर दिवसभराचा लांब प्रवास आणखी स्वस्त पडतो. एकाच ठिकाणी मुक्काम करून दोन-तीन पर्वत पाहणाऱ्या कुटुंबाला मी तरी हाफ फेअर कार्डच सुचवतो.

स्वित्झर्लंडहून आल्प्स ओलांडून इटलीतील तिरानोला जाणाऱ्या बर्निना एक्स्प्रेस या पर्यटक गाडीसाठी तिकिटाशिवाय आरक्षणाचेही पैसे मोजावे लागतात. परंतु त्याच रुळांवरून सेंट मॉरिट्झ ते तिरानो साधी प्रादेशिक गाडीही धावते आणि तिला आरक्षण लागत नाही. तिच्या बऱ्याच डब्यांच्या खिडक्या खाली करता येतात. 2,253 मीटर उंचीवरच्या ओस्पिझिओ बर्निना स्थानकाजवळ बर्फावरून येणारा गार वारा थेट तोंडावर येतो, आणि पुढे ब्रुझिओच्या गोल पुलावर वळताना आपल्याच गाडीचे डबे खिडकीतून दिसतात. काचबंद डब्यापेक्षा मला हा प्रवास कितीतरी अधिक आवडला.

चार-पाच जणांच्या गटाने जर्मनीत राज्यनिहाय दिवसभराची तिकिटे पाहावीत. बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या बायर्न तिकिटावर पाच जणांपर्यंत प्रादेशिक गाड्यांनी फिरता येते. ते म्युनिकहून नॉयश्वानस्टाइन किल्ल्यासाठी फ्युसेनपर्यंत आणि सीमेपलीकडे साल्झबुर्गपर्यंतही चालते. मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच लागू होते, आणि आयसीईत चालत नाही. सर्वांची नावे तिकिटावर असावीत. महिनाभर राहणाऱ्यांसाठी जर्मनीभरच्या प्रादेशिक गाड्या आणि शहरी वाहतुकीला चालणारे डॉइचलांड टिकेट आहे, जे जानेवारी 2026 पासून 63 युरोंना मिळते. ते वर्गणीच्या स्वरूपात असल्याने त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द न केल्यास पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात.

इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात सारून त्यावर छाप उमटवून घ्यावी लागते. तो ‘खट्’ आवाज ऐकू आला आणि तारीख-वेळ उमटलेली दिसली की मगच गाडीत पाय ठेवावा, कारण छाप नसेल तर खरेदी केलेल्या तिकिटावरही दंड होतो.

तिकिटे शक्यतो त्या त्या रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घ्यावीत. एकदा मी घाईत एका मध्यस्थ संकेतस्थळावरून तिकिटे घेतली, तिथे रक्कम रुपयांत दिसल्याने बरेही वाटले. नंतर हिशेब मांडला तेव्हा सेवाशुल्क आणि विनिमयदर मिळून बरेच जास्त पैसे गेल्याचे लक्षात आले. पैसे भरताना रुपये की युरो असे विचारले तर युरो निवडावेत, आपल्या बँकेचे परकीय चलनाचे शुल्क आधी विचारून ठेवावे आणि कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, हे तिकीट काढायला बसण्यापूर्वीच तपासावे.