शिवणवर्गाचा उपयोग झाला का, हे कसं मोजाल?

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार महिलांसाठी शिवणवर्ग घेत असाल, तर हजेरी आणि वाटलेली प्रमाणपत्रं यांवरून त्या बाईच्या घरात काय फरक पडला ते कळत नाही. वर्ग सुरू होण्याआधीच प्रत्येकीला विचारा, 'सहा महिन्यांनी काय बदललं तर हे शिकणं कामी आलं असं वाटेल?' कुणी म्हणेल, हजाराऐवजी पाचशेच विड्या वळून भागलं तर. कुणी म्हणेल, मुलीच्या फीसाठी उसने मागायला लागू नयेत. उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्या. ती तेलुगूत बोलली तर तेलुगूतच. सोबत आजची कमाई आणि कर्जही नोंदवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

सहा महिन्यांनी तोच प्रश्न घेऊन घरी जा, पण शिकवणाऱ्या बाईंना पाठवू नका. त्यांच्या तोंडावर 'काही उपयोग झाला नाही' असं सहसा कुणी म्हणत नाही. वर्ग मधेच सोडलेल्यांकडे तर आवर्जून जा. वेळ जमत नव्हती, घरी मशीन नव्हतं की सासरचे नाही म्हणाले, हे त्याच सांगतील.

कमाई वाढलेली दिसली तरी लगेच श्रेय घेऊ नका. मधल्या काळात विडीची मजुरी वाढली का, घरात दुसऱ्या कुणाला काम लागलं का, तेही विचारा.